ब्रेकबाईंचा क्लच

आमच्या भागात गाडी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, शिकलात कुणाकडे? बहुतेक जणी एकच नाव सांगतील : ब्रेकबाईंकडे.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शिकवणारा गुपचूप पाय दाबतो आणि गाडी सावरतो. ब्रेकबाईला गुपचूप काही करणं जमत नाही. ती आधी "ब्रेऽऽक!" म्हणून ओरडते आणि मगच पाय दाबते. आधी सांगितलं नाही तर माणूस शिकणार कसं, असं तिचं म्हणणं. त्या आरोळीने रस्त्याकडेचे लोकही दचकून थांबतात. नाव तिथूनच पडलं असावं.

ती अंगाने थोराड आणि आवाजाने त्याहून थोराड आहे. केस आखूड कापलेले, आणि उन्हाचा चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावरच जास्त. पन्नाशी उलटली तरी पाऊल असं टाकते, की रस्ता हिच्या नावावर असावा. एके काळी ती माझ्या वर्गात होती. मागच्या बाकावर बसायची आणि बाहेरून जाणारं वाहन नुसत्या आवाजावरून ओळखायची. तिच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला होता, 'लक्ष बाहेर असते.' मी निवृत्त झाले, आमच्या ह्यांचे डोळे अधू झाले आणि घरची गाडी दाराशी नुसती उभी राहायला लागली, तेव्हा मी तिच्याकडे शिकायला गेले. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "बाई, तुमचं लक्ष आत असतं. सारखं गिअरकडे काय बघता? बाहेर बघा की!"

म्हणजे शेरा अखेर सव्याज परत आला.

तिच्याकडे एका वेळी दोघी शिकतात. एक चालवते, दुसरी मागे बसून पहिलीच्या चुका बघते. मागे बसून मला गाडी किती आली हे विचारू नका, पण माणसं मात्र पुष्कळ कळली. कारण गाडी ही बोलायला फार सोयीची जागा आहे. चालवणारी आणि शिकवणारी शेजारी बसलेल्या असतात आणि दोघींची नजर समोर असते. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. घरात ओठावर येत नाही ते तिसऱ्या गिअरमध्ये सहज बाहेर पडतं.

माझ्याबरोबर सुरुवातीला एक कॉलेजातली मुलगी असायची. हुशार आणि हात हलका, पण दर महिन्यात मध्येच दोन-तीन दिवस गायब व्हायची. आजीला बरं नाही, असा निरोप यायचा. एकदा ब्रेकबाई तिला चढावर गाडी थांबवायला लावून म्हणाली, "तुझी आजी वेळेची फार पक्की दिसते. महिन्याच्या महिन्याला न चुकता आजारी पडते."

गाडी चढ चढून सपाटीला आली, तेव्हा मुलगी समोर बघत म्हणाली, "आजी ठणठणीत आहे. मला पाळी येते. पोट इतकं दुखतं की उभं राहवत नाही. उलट्या होतात."

"मग त्या बिचाऱ्या म्हातारीला कशाला अंथरुणाला खिळवतेस? पाळी आलीय म्हणायचं, मी दुसरा दिवस देईन. आणि हे बघ, थोडं दुखणं पुष्कळ जणींचं असतं. गरम पाण्याची पिशवी धरली, जरा पडलं, की भागतं. पण उलट्या होतात, कॉलेज बुडतं, म्हणजे ते सोसायचं दुखणं नाही, दाखवायचं दुखणं आहे. डॉक्टरकडे जा. आरशात बघ आधी, मग वळ."

"आई म्हणते, लग्न झाल्यावर थांबेल."

"नवरा काय पोटशूळाची गोळी आहे? वळ म्हटलं ना!"

मुलगी डॉक्टरकडे गेली. तिला औषध चालू झालं आणि आजीची तब्येत एकदम सुधारली.

अशा कितीतरी जणींना तिने मार्गाला लावलं. गाडीतल्या सीटची कव्हरं तिने मुद्दाम गडद तपकिरी शिवून घेतली आहेत, काढून धुता येतील अशी. एखादीचा डाग पडला तर ती म्हणते, "थंड पाण्याने निघतं. गरम पाणी लावलंस तर मात्र जन्मभर राहील." त्यावर आणखी चर्चा नाही. डॅशबोर्डच्या खणात पॅडचं पाकीट कायम असतं. एकदा किराणा दुकानदार काका शिकायला आले होते. काच पुसायला फडकं शोधताना त्यांनी तो खण उघडला आणि आत विंचू दिसावा तसा धाडकन बंद केला.

"चावत नाहीत ती," ब्रेकबाई म्हणाली. "तुमच्याच दुकानातली आहेत."

"ते... ते सगळं आमची ही बघते."

"तुम्हीही बघत जा. आणि ते काळ्या पिशवीत घालून वर कागद गुंडाळून देणं बंद करा. साबण देता तसं द्या. घेणारी काय चोरीचा माल नेतेय?"

काकांनी त्या दिवशी गाडी दोनदा फुटपाथवर चढवली, पण दुकानातली काळी पिशवी बंद झाली. हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता मुद्द्याचं सांगते. एवढी सगळ्यांना शहाणं करणारी ही बाई स्वतःच्या बाबतीत मात्र अशी काही वागली, की अजून आम्ही तिला त्यावरून चिडवतो.

तिची पाळी जाऊन वर्ष उलटून गेलं होतं. हे तिनेच मला एका सरळ रस्त्यावर आनंदाने सांगितलं होतं. "बाई, सुटले! अंगातून वाफा निघतात, माझाच मला राग येतो, पण ते दर महिन्याचं लचांड तरी गेलं." मग तिने जुनी गाडी काढून टाकली आणि नवी घेतली. नव्या गाडीचं तिला कोण कौतुक! दरवाजा लावायचा तोही बाळाला झोपवावं तसा. पण थोड्याच दिवसांत तिची कुरकुर सुरू झाली, की हिचा क्लच कडक आहे.

"बाई, तुम्हाला कडक नाही वाटत?"

"मला सगळंच कडक वाटतं गं. माझं वय बघ."

"नाही, हा जास्तच कडक आहे. पोटावर जोर येतो."

ती गाडी घेऊन गॅरेजात गेली. गॅरेजवाले दादा तिचे जुने स्नेही. त्यांनी क्लच दाबून बघितला, सोडून बघितला. "ताई, नव्या गाडीचा क्लच असाच असतो. रुळेल." तिने ऐकलं नाही. त्यांनी तिच्या समाधानासाठी थोडा सैल करून दिला. आठवडा गेला नसेल, ही पुन्हा दारात. पुन्हा सैल. मग तिसऱ्यांदा गेली, तेव्हा मी मागच्या सीटवर होते. दादा हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, लोणी झालंय त्याचं. आता आणखी सैल केला तर गिअर पडायचा नाही. तुम्हाला नक्की त्रास काय होतोय?"

"मला काय धाड भरलीय? त्रास गाडीला आहे," ती फणकारली.

मला मात्र काही गोष्टी दिसत होत्या. हल्ली ती शिकवणीच्या मध्येच गाडी पेट्रोल पंपावर थांबवायला लावायची आणि आत बाथरूमला जाऊन यायची. सीटवर एक जादा उशी आली होती. चढावर ओरडणं कमी झालं होतं, आणि ते कमी होणं मला बरं लक्षण वाटत नव्हतं. शिक्षकाला एक खोड असते. वर्गातला दंगेखोर मुलगा गप्प बसला, की आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघावासा वाटतो.

त्या सुमारास कॉलेजची मुलगी लायसन्सची परीक्षा पास होऊन गेली आणि माझ्याबरोबर ब्रेकबाईची सून शिकायला लागली. ही सून औषधांच्या दुकानात काम करते. बोलणं कमी आणि आवाज बारीक. सासूकडे गाडी शिकायची म्हणजे काय असतं, ते तिच्या घामेजल्या तळव्यांना विचारावं. सुरुवातीला गाडी चालू करण्याआधीच ती "सॉरी" म्हणून ठेवायची.

"कशाबद्दल सॉरी?" सासू विचारायची.

"आता जे होईल त्याबद्दल."

एके सकाळी सून चालवत होती आणि मी मागे होते. चौकात हिरवा दिवा लागला. तिने गिअर टाकायला घेतला, तर करकर असा आवाज आला आणि गिअर काही पडेना. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. सुनेने सवयीने आधी सॉरी म्हटलं, पुन्हा प्रयत्न केला आणि कशीबशी गाडी पुढे काढली. मग, माझा तर विश्वासच बसेना, ती म्हणाली, "आई, ही चूक माझी नाही. क्लच फार सैल झालाय. तुम्ही का सारखा सैल करून घेता?"

ब्रेकबाई रागावेल असं मला वाटलं. पण गाडी चालू होती आणि तिघींच्या नजरा समोर होत्या. ती म्हणाली, "कडक क्लच दाबून दाबून माझं अंगावर जायला लागलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, पाळीसारखं. गाडी आली त्याच सुमारास सुरू झालं. मध्ये थांबतं, पुन्हा येतं. दिवसभर दुसऱ्याच्या चुकांसाठी क्लच दाबायचा, पोटावर जोर येणारच. क्लच सैल झाला की थांबेल म्हटलं."

मला हसूही येईना आणि रडूही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. दुखणं हिच्या पोटात आणि उपचार चाललेले गाडीवर, तेही एका मेकॅनिककडून!

सुनेने गाडी हळूच कडेला घेतली, नीट इंडिकेटर देऊन. "आई, तुमची पाळी जाऊन वर्ष होऊन गेलंय. एकदा पूर्ण थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी थोडं, एकदाच दिसलं, तरी दाखवायचंच असतं. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं. पण कधीकधी नसतं साधं. म्हणून लगेच बघायचं."

"तू औषधं विकतेस ना, म्हणून तुला जगातली सगळी माणसं गिऱ्हाईकं दिसतात."

"आई, मी चेष्टा करत नाहीये."

"इस्त्रीवाल्या काकूंना विचार. त्यांनाही येतं अधूनमधून. त्या म्हणतात, चांगलं असतं, अंगातली उष्णता निघून जाते. मला तर म्हणाल्या, नशीबवान आहेस, तारुण्य परत आलं!"

इस्त्रीवाल्या काकू म्हणजे तिच्या शेजारी राहणाऱ्या. त्यांच्या लहानशा दुकानात कपड्यांच्या घड्यांबरोबर सगळ्या गल्लीच्या बातम्याही कडक होऊन बाहेर पडतात. वयाने त्या ब्रेकबाईपेक्षा चांगल्याच मोठ्या.

"तारुण्य परत यायचं तर आधी गुडघ्यात यावं," मी मागून म्हटलं. "माझ्याकडे तर अजून फिरकलं नाही."

ती हसली, पण डॉक्टरकडे जायला तयार होईना. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणाली. पुढच्या आठवड्यात नव्या बॅचची परीक्षा निघाली, त्याच्या पुढच्या आठवड्यात गाडीची सर्व्हिसिंग निघाली. ज्या बाईने दुसरीच्या आजीच्या आजारपणाची थाप एका चढावर पकडली, तीच आता थापांवर थापा रचत होती. शेवटी एकदा सून नसताना मी विचारलं, "तुला भीती कशाची वाटते गं?"

ती गाडीची काच पुसत होती. पुसलेलीच काच पुन्हा पुसत म्हणाली, "बाई, माझ्या आईचं असंच झालं होतं. डॉक्टरांनी गर्भाची पिशवी काढली. त्यानंतर आई बसलीच. चांगली धावपळ करणारी बाई, सगळे म्हणायला लागले, हिला जड उचलू देऊ नका, हिला बाहेर नेऊ नका. ते ऐकून ऐकून तिनेही बाहेर जायचं सोडलं. मला नाही बसायचं, बाई. गाडीतून उतरवलं तर मी काय करू?"

तेव्हा मला कळलं. तिला आजाराची भीती कमी होती, जास्त भीती होती ती बाजूच्या सीटवरून उठवलं जाण्याची. मी सुनेला तेवढं सांगितलं.

दोन दिवसांनी आमची ठरलेली शिकवणी. वाट नेहमीची होती : चौकातून सरळ, पाण्याच्या टाकीला वळसा आणि परत. सून चालवायला बसली. आज तिने सॉरी म्हटलं नाही. चौक आला आणि तिने डावीकडचा इंडिकेटर लावला. डावीकडे गेलं की बाजाराच्या मागे इस्पितळ आहे, हे तिघींनाही माहीत होतं.

"इंडिकेटर चुकीचा लागलाय," ब्रेकबाई म्हणाली.

"नाही आई. बरोबर लागलाय."

"टाकी सरळ आहे."

"टाकी कुठे जात नाही."

मी मागून ब्रेकबाईचा पाय बघत होते. तो तिच्या ब्रेकवर होता. नुसता दाबायचा अवकाश, गाडी जागच्या जागी थांबली असती, आणि ही मुलगी पुन्हा कधी असं धाडस करणार नाही, हेही मला दिसत होतं. सुनेचा चेहरा मला आरशात दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले, वरच्या ओठावर घामाचे थेंब. "आई," ती समोर बघतच म्हणाली, "मला पिशवी-बिशवी काही माहीत नाही. पण तुमच्याशिवाय मी परीक्षा पास होणार नाही. आणि मला गाडी शिकायचीय."

मागच्या गाडीने भोंगा वाजवला.

मी "ब्रेऽऽक!" ऐकायची तयारी करून बसले होते. आरोळी आलीच नाही. ब्रेकबाईने पाय उचलला, मागे घेतला आणि म्हणाली, "अगं मग वळ की! दुसऱ्या गिअरवर घे. आणि आरसा? आरसा कोण बघणार, तुझा नवरा?"

इस्पितळाच्या आवारात सुनेने गाडी लावली. ब्रेकबाई उतरेना. "तिरकी लागलीय. परत लाव." सुनेने परत लावली. "शेजारच्याला दार उघडता येणार नाही. परत." पुन्हा लावली. "चाक सरळ कर." मग मीच दार उघडून बाहेर उभी राहिले आणि वर्गात वापरायचे तो आवाज काढला, "पुरे. चल आता." ती निमूट उतरली. काही आवाज वयाबरोबर जात नाहीत.

डॉक्टर तरुण बाई होत्या. चष्मा मोठा आणि बोलणं सावकाश. पाळी शेवटची कधी आली, बंद होऊन किती झालं, आता कधीपासून आणि किती जातं, दुखतं का, वजन उतरलंय का, सगळं विचारलं. ब्रेकबाईने आधी क्लचची हकिकत सांगितली. डॉक्टरांनी ती पूर्ण ऐकून घेतली. हसल्या नाहीत, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

"क्लचने रक्त जात नाही," त्या म्हणाल्या. "जड उचलल्याने, चालल्याने, गाडी चालवल्यानेही नाही. पाळी थांबली म्हणजे गर्भाशयाच्या आतलं अस्तर दर महिन्याला वाढून गळून पडायचं थांबतं. मग रक्त यायचं काही कारणच उरत नाही. तरी आलं, तर कुठून आलं ते शोधायला हवं."

"म्हणजे पिशवी काढणार ना?" ब्रेकबाईने एकदम विचारलं. तो प्रश्न तिने वाटेतून तसाच धरून आणला असावा.

"अहो, बघू तर द्या! घर गळतं म्हणून कुणी आधी घर पाडतं का? वर चढून कौल बघतात."

मग तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. आतल्या अस्तराला एक लहानसा कोंब फुटल्यासारखा दिसत होता, द्राक्षाएवढा. त्याला पॉलिप म्हणतात. पुष्कळदा निरुपद्रवी असतो, पण काढून तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही, असं त्या म्हणाल्या. पोटावर कापाकापी करायची गरज नव्हती. खालच्या वाटेनेच बारीक कॅमेरा घालून काढता येणार होता, आणि सगळं ठीक असलं तर त्याच दिवशी घरी.

"आणि गाडी?" ब्रेकबाईने विचारलं.

"दोन-चार दिवस विश्रांती घ्या. मग चालवा की."

"शिकवायला बसू?"

"बसा. ओरडू पण शकता," डॉक्टर म्हणाल्या. ही कीर्ती इस्पितळापर्यंत कशी पोचली, देव जाणे.

तो कोंब काढला आणि तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंतचे दिवस मात्र तिला जड गेले. सुनेने सांगितलं, की आई घरात प्रत्येक दार उघडून लावून बघतायत, बिजागऱ्यांना तेल घालतायत, जेवताना बोलत नाहीत. मी एका दुपारी गेले, तर ती गाडीत बसली होती. गाडी बंद, दारापुढेच उभी, आणि ही आपल्या बाजूच्या सीटवर. मी जाऊन चालवायच्या जागेवर बसले. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसलो.

"बाई, काही वाईट निघालं तर?"

"तर वेळेवर निघालं असं म्हणू. क्लच सैल करत बसली असतीस तर कळलंही नसतं."

"हं." मग जरा थांबून म्हणाली, "ती पोरगी कशी वळली हो त्या दिवशी! दुसऱ्या गिअरवर, एक धक्का नाही." आवाजात असा काही अभिमान होता, की गर्भाशयाचा विषय आम्ही दोघीही विसरलो.

निकाल चांगला आला. कोंब साधा होता, काही वाईट नव्हतं. पुन्हा रक्त दिसलं तर लगेच यायचं आणि सांगितलेल्या वेळी दाखवून जायचं, एवढंच. ब्रेकबाईने ती बातमी मला फोनवर दिली. म्हणजे फोन कानापासून हातभर लांब धरूनही ऐकू आली. दुसऱ्याच दिवशी ती गॅरेजात गेली आणि क्लच कडक करून द्या म्हणाली. दादांनी हात जोडले. "ताई, तुम्ही आणि क्लच आधी आपसात ठरवा. मग मला बोलवा."

मग हे प्रकरण तिने लपवून ठेवलं नाही. ज्या बायकांनी तिच्याकडून पाळीच्या चार गोष्टी ऐकल्या होत्या, त्यांना तिने ही पाचवीही सांगितली, स्वतःच्या वेडेपणासकट. हसता हसता बायका ऐकायच्या आणि मग एखादी गप्प व्हायची. ती गप्प झाली, की ब्रेकबाई तिला लांबच्या सरळ रस्त्यावर घेऊन जायची.

इस्त्रीवाल्या काकू मात्र ऐकायला तयार नव्हत्या. "तुझं वेगळं, माझं वेगळं," त्या म्हणायच्या. "मला काय कधीतरी थेंबभर दिसतं. या वयात मी कुठे पाय पसरून तपासायला जाऊ? लोक काय म्हणतील?" ब्रेकबाई रोज जाता-येता दुकानात डोकावायची. एकदा तर रागावून, "काकू, तुमच्या तारुण्याचा एकदा फोटो तरी काढून घ्या!" असं ओरडून आली. काकूंनी तिला दुकानातून हाकललं आणि तिचे कपडे इस्त्री न करता परत पाठवले.

त्यानंतरची गोष्ट. सकाळी आम्ही तिघी निघण्याच्या तयारीत होतो. सून चालवायच्या जागी, ब्रेकबाई बाजूला, मी मागे. तेवढ्यात माझ्या शेजारचं दार उघडलं आणि काकू आत येऊन बसल्या. केस चापून बसवलेले, अंगातले कपडे इतके कडक की बसताना आवाज झाला.

"दुकान?" ब्रेकबाईने विचारलं. ती मागे वळली नाही.

"बंद ठेवलंय. निखारे विझवून आले. आणि हे बघ, मी काही घाबरले-बिबरले नाही. तुझी कटकट ऐकवत नाही म्हणून आलेय."

"बेल्ट लावा."

"मागेही?"

"मागेही."

मी काकूंचा बेल्ट लावून दिला. त्यांचे हात गार होते. रोज निखाऱ्यांपाशी असणारे ते हात मी कधी गार पाहिले नव्हते. त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडलं नाही. गाडी गल्लीतून बाहेर पडली. मग काकू पुढच्या सीटच्या पाठीला विचारावं तसं म्हणाल्या, "आत गेल्यावर आधी काय विचारतात गं?"

"पाळी शेवटची कधी आली ते."

"ते कुणाच्या लक्षात असतं? माझा नातू मिशा कोरतोय आता."

"मग तसंच सांगा."

"हसतील."

"नाही हसणार," ब्रेकबाई म्हणाली. "मी त्यांना क्लच सांगितला होता, तरी नाही हसल्या."

काकू मात्र हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. चौक आला. सुनेने इंडिकेटर लावला, आरशात बघितलं आणि गाडी डावीकडे वळवली.